आजीच्या चेहऱ्याचा रंग

मागील लेखांकात जुनी छायाचित्रे स्कॅन करण्याविषयी आपण बोललो. ती कागदावर उतरविण्यासाठी घरी कोणता इंकजेट प्रिंटर घ्यावा, अशी विचारणा त्यानंतर काही कुटुंबांनी केली. या बाबतीत आम्ही एकदा फसलो आहोत; तेव्हा आरंभ तेथूनच करतो.

आमच्या आजीचे एकच छायाचित्र उरले आहे. स्टुडिओत काढलेले, कृष्णधवल, पोस्टकार्डाहून लहान. न्यू जर्सीत घर घेतले तेव्हा ते मोठे करून दिवाणखान्यात बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी लावावे, असे ठरले. घरात चार शायांचा साधा प्रिंटर होता, त्यावरच छापले. व्हिडिओ कॉलवर ते पाहताच आई म्हणाली, "अरे, सासूबाई एवढ्या गोऱ्या नव्हत्या." पुढे दोन वर्षांत राखाडी छटांवर लालसर झाकही चढली.

लालसर झाकेचे कारण शाईत होते. साधा प्रिंटर फोटो कागदावर राखाडी रंग बहुधा निळी, गुलाबी व पिवळी शाई मिसळून तयार करतो. या शाया सारख्या वेगाने विटत नाहीत. हवेतील ओझोनने बहुतेकदा निळी आधी जाते. म्हणून कृष्णधवल छायाचित्रे छापायची असतील तर स्वतंत्र राखाडी शाई असलेलेच यंत्र पाहावे.

गोरेपणाचे कारण मात्र आम्हांला अधिक बोचले. प्रिंटरच्या सॉफ्टवेअरमधील 'आपोआप सुधारणा' चालू राहिली होती. सावळा चेहरा म्हणजे प्रकाश कमी पडलेला चेहरा, असे समजून तिने आजीला उजळविले होते. ही खोड जुनी आहे. फिल्मच्या काळात कोडॅकच्या 'शर्ली कार्डा'वर गोऱ्या स्त्रीचे छायाचित्र असे आणि प्रयोगशाळा त्यावरून रंग जुळवीत; इतरांच्या त्वचेचे काय होते, हा प्रश्न दीर्घकाळ गौण राहिला. आम्ही स्वतः सॉफ्टवेअर लिहितो, तरी ती खूण काढून टाकण्याचे आम्हांला सुचले नव्हते!

आता निवडीकडे वळू. डाय शाई कागदाच्या लेपात मुरते. चकचकीत कागदावर तिचे रंग खुलतात, पण उन्हात व मोकळ्या हवेत ती लवकर विटते. पिगमेंट शाईचे सूक्ष्म कण पृष्ठभागावर राहतात. ती महाग, पण टिकाऊ. अल्बमसाठी डाय पुरे. भिंतीवर वर्षानुवर्षे राहणाऱ्या चित्रासाठी आमचा कौल पिगमेंटला. कॅननच्या प्रो-२०० मध्ये ८ डाय शाया आहेत, त्यांत दोन राखाडी. एप्सनच्या पी७०० मध्ये १० पिगमेंट शाया आहेत. दोन्ही १३ इंच रुंदीपर्यंत छापतात. एप्सनचा टाकीवाला ईटी-८५५० राखाडी शाईसह ६ शायांचा आहे. भरपूर छपाई करणाऱ्या घराला तो परवडतो.

वाढदिवसाच्या ४ बाय ६ च्या प्रतींसाठी यांपैकी काहीही घेऊ नये. त्या दुकानातून स्वस्त पडतात. शिवाय पडून राहिलेल्या प्रिंटरची छिद्रे वाळलेल्या शाईने बुजतात, हिवाळ्यात हीटरच्या कोरड्या हवेत तर विशेषच, आणि ती साफ करण्यात पुन्हा शाईच जाते. आठवड्यातून एखादे रंगीत पान छापायची तयारी नसेल, तर हा संसार मांडू नये.

आम्ही शेवटी पिगमेंटचा प्रिंटर घेतला. पडद्याची तेजस्विता कमी केली, कारण झगझगीत पडद्यावर जुळविलेले चित्र कागदावर काळवंडते. कागदाच्या कंपनीने दिलेले रंगप्रोफाइल वापरले, आपोआप सुधारणा बंद केली. तिसरी प्रत टपालाने मुंबईला पाठविली आहे. व्हिडिओ कॉलवर दिसणाऱ्या रंगावरून निर्णय द्यायला आई आता तयार नाही.