पायाच्या चरातील माती

गतवर्षीच्या स्मरणिकेत याच सदरात घराच्या छपराविषयी चार शब्द लिहिले होते. ते वाचून पुष्कळांनी विचारले, "गुरुजी, पायाविषयी केव्हा लिहिणार?" तो योग या वर्षी माझ्या धाकट्या भावाच्या नव्या घरामुळे आला.

प्रथम एक जुनी गोष्ट सांगतो. फेब्रुवारी १९६० च्या कॅरोल वादळात आमच्या आजोबांचे लाकडापत्र्याचे घर गेले. पुढे वडिलांनी उसाच्या शेतात राबून, रुपयाला रुपया जोडून काँक्रीटचे घर उभे केले. ते कोणत्याही वादळात हलले नाही. परंतु दहा वर्षांच्या आतच स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातून खिडकीपर्यंत तिरपी भेग गेली. दरसाल गिलावा करावा आणि दरसाल भेगेने पुन्हा डोके वर काढावे! आई म्हणे, वास्तूला दृष्ट लागली. दृष्ट वगैरे काही नव्हती. घराचे तीन कोपरे खडकावर होते आणि चौथा चरातून उपसलेल्या मातीच्या भरावावर. खडक खचला नाही, भराव खचला. ही गोष्ट उमगेपर्यंत वडील हयात राहिले नाहीत.

म्हणून वाक्वाजवळच्या बारा पर्श जमिनीत भावाने खणावयास आरंभ केला, तेव्हा मी शाळा सुटली की तेथे जाऊन बसू लागलो. ही जमीन पूर्वी उसाची. शेजारी काळ्या धोंड्यांचा मोठा ढीग अजून उभा आहे. आपल्या पूर्वजांनी शेत मोकळे करण्यासाठी हातांनी उचलून रचलेले ते धोंडे. ज्या जमिनीतून इतके धोंडे निघाले, तिच्या पोटात आणखी असणारच, हे त्या ढिगाकडे पाहूनच ओळखावे.

तिसऱ्या दिवशी, तीन फुटांवर, पहार खणकन वाजली. गवंडी क्रिओलमध्ये म्हणाला, "गुरुजी, खडक लागला! आता निश्चिंत झोपा." मी म्हटले, "झोपतो, पण आधी याच्या कडेने खणून दाखवा." तो थोडा रागावला, तरी खणू लागला. हातभर खणताच त्या दगडाखाली तांबडी माती लागली. तो खडक नव्हता, मातीत तरंगणारा धोंडा होता. अखेर तो फोडून काढावा लागला. आणखी दोन दिवसांची मजुरी गेली आणि भावाने मजकडे ज्या नजरेने पाहिले ती मी विसरणार नाही. चारही कोपऱ्यांवर आणि मध्यभागी असे पाच खड्डे घेतले, तेव्हा कोठे सर्वत्र सारखा घट्ट थर मिळाला. पाया एकाच जातीच्या थरावर बसावा, हे त्यातील मुख्य.

आता उपसलेल्या मातीविषयी. आपले बेट ज्वालामुखीच्या बेसाल्टचे, सह्याद्रीही बेसाल्टचाच. तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, आपले बेट ऐंशी-नव्वद लाख वर्षांचे. खडक एकच, परंतु पाऊस जसा, तशी माती. मधल्या पठारावर भरपूर पाऊस, तेथे तांबडी माती. पश्चिमेच्या कोरड्या सखल भागात काही ठिकाणी काळी, चिकट माती, देशावरच्या काळ्या रानासारखी. ती पावसात फुगते, उन्हात भेगाळते आणि वरचे घर उचलते, सोडते. अशा जागी माझ्यासारख्या मास्तरावर विसंबू नये, अभियंत्याकडून प्रयोगशाळेत माती तपासून घ्यावी. उतारावरच्या जागेसही हेच लागू.

घरच्या घरी करण्याजोग्या परीक्षा सोप्या आहेत. ओल्या मातीची हातावर वात वळावी. दोऱ्यासारखी बारीक वळली आणि तुटली नाही, तर चिकणमाती पुष्कळ आहे. तीच माती आगपेटीच्या खोक्यात भरून सुकवावी. कडेला फट पडली तर ती आकसणारी आहे, फरशीखाली घालू नये. काचेच्या बरणीत पाण्याबरोबर घुसळून ठेवली, तर वाळू मिनिटभरात खाली बसते, चिकणमाती दिवसभर तरंगते. मात्र पठारावरची तांबडी माती येथे फसवते. तिचे बारीक कण एकमेकांस चिकटून वाळूसारखे चटकन खाली बसतात. माझ्या वर्गातील मुलांनी ती बरणी पाहून "वाळू, वाळू" म्हणून ओरडा केला होता. बोटांनी चोळल्यावर खरे रूप कळते.

उपशाचे ढीग वेगवेगळे करावेत. वरची मुळ्यापाल्याची माती निराळी, खालची निराळी. मुळे कुजतात आणि तेथे पोकळी राहते, म्हणून वरची माती जोत्यात कदापि घालू नये. गवंडी मात्र सारेच एकत्र ढकलतात, कारण गाडीचे भाडे वाचते. खालची माती भरावास चालते, पण खणताच ती फुगून पाव हिश्श्याने वाढलेली असते. तशीच ओतली तर पुढे वर्षानुवर्षे बसत राहते. सहा इंचांचा थर, बेताचे पाणी, त्यावर धुमस, मग पुढचा थर. ओल बेताची आहे का, हे मुठीत गोळा करून पाहावे. गोळा व्हावा आणि खाली टाकताच फुटावा. चिखल झाला तर थांबावे.

भावाच्या जोत्याला या कामी आठ दिवस लागले. तो कुरकुरला, परंतु थर कोणी चुकविला नाही. वरची माती मागील अंगणात नेली आहे. आईने तीत अळू लावले असून, भिंती कंबरेएवढ्या होण्याआधीच त्याची पाने वडीला आली आहेत.