खुस्पट काढायचा पगार

लग्नपत्रिकेत ‘आशीर्वाद’ऐवजी ‘आर्शिवाद’ छापलंय, हे आमच्या घरात सगळ्यात आधी मला दिसतं. भिंतीवरची फ्रेम जराशी डावीकडे कललीय, हेही. लहानपणी यावरून आईची बोलणी खायचो, आता याच खोडीचा पगार मिळतो. मी इन्स्पेक्टर आहे. नाही हो, पोलीस नाही! (स्थळं बघताना हा खुलासा दर वेळी करावा लागतो.)

डोंबिवलीहून फास्ट, मग ठाण्याला रिक्षाची लाइन, मग वागळे इस्टेट. तिथल्या एका मशीन शॉपमध्ये मी क्वालिटीला आहे. एमआयडीसी 1962 मध्ये स्थापन झाली, तिच्या सगळ्यात जुन्या वसाहतींपैकी ही एक. बऱ्याच शेड्सच्या जागी आता काचेचे आयटी पार्क आहेत, त्यामुळे शेअर रिक्षात शेजारी लॅपटॉपवाले असतात. ‘टेस्टिंगमध्ये? अरे, आम्हीपण!’ फरक एवढाच, की त्यांचा बग पॅच टाकून बुजतो. इथे भोक मोठं कापलं गेलं, की काढलेला धातू परत चिकटवता येत नाही.

पहिल्या नोकरीतला 31 मार्च. ट्रक गेटवर उभा, व्हॉल्व्ह बॉडीचा लॉट माझ्या टेबलावर. प्लग गेजचं एक टोक ‘गो’, दुसरं ‘नो-गो’. गो आत जायला हवं, नो-गो जाता कामा नये. तिसऱ्याच पीसमध्ये नो-गो अलगद आत गेलं. प्रॉडक्शनचे साहेब म्हणाले, ‘अरे, वीस मायक्रॉनचा प्रश्न आहे. केससुद्धा त्याहून जाड असतो. कर सही.’

केली. तेवीस वर्षांचा होतो.

दहा दिवसांनी लॉट परत आला. पुढचे चार दिवस मी कस्टमरच्या गोडाऊनमध्ये फरशीवर बसून एकेक पीस तपासत होतो. साहेब फोन उचलत नव्हते. रिपोर्टवर सही माझीच होती ना!

मग यात यावं का? आयटीआय किंवा मेकॅनिकल डिप्लोमा असेल तर दार उघडं आहे. व्हर्निअर, मायक्रोमीटर हातात बसले की पुढे सीएमएम मशीन. किंवा एनडीटी, म्हणजे वस्तू न तोडता आतला दोष शोधणं : अल्ट्रासॉनिक, एक्स-रे, लाल रंग लावून चीर पकडणारी पेनिट्रंट टेस्ट. त्यात लेव्हल वन, टू, थ्री असतात. निकाल देण्याची जबाबदारी टूपासून. सुरुवातीचा पगार बेताचाच, शिफ्ट चुकत नाही आणि शॉपमध्ये आपण कुणाचेच लाडके नसतो. एक सुख मात्र आहे. मोजमापाचं प्रमाण तापमान 20 अंश सेल्सिअस, त्यामुळे अख्ख्या शॉपमध्ये एसी दोघांनाच : मोठ्या साहेबांना आणि आमच्या गेजेसना.

डोंबिवली एमआयडीसीत 26 मे 2016 ला प्रोबेसमध्ये आणि 23 मे 2024 ला अमुदानमध्ये स्फोट झाला. दोन्ही वेळा माणसं गेली, दूरदूरच्या घरांच्या काचा फुटल्या. त्यांच्या कारणांवर बोलणारा मी कोण? पण कुठल्याही कारखान्यात टाकीची जाडी न मोजताच कुणी आकडा भरला, तर त्याला मी आता ‘बिचारा, प्रेशर असेल’ म्हणत नाही.

एनडीटीवाल्यांची जवळची नजर दर वर्षी तपासतात. माझी टेस्ट शनिवारी आहे. आई म्हणते, तुला कसली टेस्ट, तुला वरणातला खडा ताटात पडायच्या आधी दिसतो.