मुखरस

'थुंकी' हा शब्द ऐकताच सभ्य मंडळी नाक मुरडतात. परंतु भूमीवर पडताच किळसवाणा वाटणारा हा रस मुखात असेतोवर देहाची किती एकनिष्ठ सेवा करतो, याचा विचार कोण करतो?

दिवसाकाठी सुमारे एक लिटर लाळ मुखात झरते. घासातील पिष्टाची शर्करा करण्यास तीच आरंभ करते. म्हणून ज्वारीची कोरडी भाकरीही संथपणे चावल्यास गोड लागते. दात झिजविणाऱ्या आम्लाचा जोर ती मोडते. शिवाय तिच्यात व अश्रूंत कित्येक जंतूंचा नाश करणारे लायसोझाइम नामक द्रव्य असते, हे अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२२ साली प्रसिद्ध केले.

आमचे अर्धापूर केळीच्या बागांसाठी नावाजलेले. पण मधल्या सुटीत मुले केळे दोन घासांत गिळतात आणि भाकरी पाण्याच्या घोटाबरोबर ढकलून खेळावयास धावतात. दोष केवळ त्यांचा नव्हे. जेवणाची सुटी वाढवावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. मग एखादा तास कमी झाला तरी चालेल!

याहून चिंतेची बाब सुपारीची. ती नित्य चघळल्याने मुखाची आतील त्वचा ताठरते, आणि पुढे घास घेण्यापुरतेही तोंड उघडत नाही. गुटख्यावर राज्यात २०१२ साली बंदी आली. परंतु पालकहो, घरची सुपारीची पुडी आणावयास दुकानी मुलालाच धाडले जाते, हे आम्ही वारंवार पाहतो.