इराकी रुग्णांच्या पैशाचा हिशेब द्या : जाहीर इशारा

'तेलाच्या बदल्यात अन्न' योजनेत सद्दाम हुसेनच्या राजवटीला चोरवाटेने पैसे पोहोचवणाऱ्या कंपन्यांना आणि त्यांच्याविषयी मौन पाळणाऱ्या सरकारांना हा इशारा आहे. प्रकरण जुने झाले म्हणजे मिटले, असे कोणी समजू नये.

1996 ते 2003 या काळात निर्बंधांखालच्या इराकच्या तेलाचे पैसे संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखालील खात्यात जमा होत. औषधे, गहू, पाण्याचे पंप त्यातूनच येत. पुढे बगदादने तेलाच्या पिंपामागे वरकड रक्कम आणि मालाच्या कंत्राटावर साधारण 10 टक्के मागायला सुरुवात केली. मालाच्या कंपन्यांनी ती देऊन बिलातच चढवली, 'विक्रीनंतरची सेवा' किंवा 'वाहतूक भाडे' या नावाखाली. म्हणजे ही लाच त्यांच्या खिशातून गेलीच नाही. आजारी इराकी मुलाच्या औषधासाठी ठेवलेल्या पैशातून ती गेली. ही चोरी आहे, आणि आम्ही तिला चोरीच म्हणणार.

या प्रकरणाच्या चौकशीसाठी संयुक्त राष्ट्रांनी नेमलेल्या पॉल व्होल्कर यांच्या समितीने 2005 च्या अहवालात 2,200 हून अधिक कंपन्यांकडे बोट दाखवले. रक्कम सुमारे 180 कोटी डॉलर. मग झाले काय? टेक्सासचा तेलसम्राट ऑस्कर वायट तुरुंगात गेला. ऑस्ट्रेलियाच्या एडब्ल्यूबी या गहू कंपनीने 20 कोटी डॉलरहून अधिक रक्कम पोहोचवली, तरी तिच्या व्यवस्थापकीय संचालकाची सुटका एक लाख ऑस्ट्रेलियन डॉलरच्या दिवाणी दंडावर झाली. फ्रान्सच्या टोटलला 2016 मध्ये साडेसात लाख युरोचा दंड झाला. एवढ्या मोठ्या कंपनीला तो जाणवलाही नसेल.

आपल्याकडे याच अहवालात नाव आल्याने तत्कालीन परराष्ट्रमंत्री नटवरसिंह यांचे पद गेले आणि चौकशीसाठी पाठक प्राधिकरण नेमले गेले. व्होल्कर अहवालातल्या भारतीय कंपन्यांवरचा प्रकाशझोत मात्र लवकरच विझला.

केंद्र सरकारला आमची मुदत संसदेच्या येत्या अधिवेशनाच्या अखेरपर्यंत आहे. अहवालातल्या प्रत्येक भारतीय कंपनीची चौकशी कुठवर गेली, कोणाला दंड झाला, कोणाची फाईल का बंद झाली, हे श्वेतपत्रिकेत नावानिशी मांडा. आरोप अमान्य असलेल्या कंपन्यांनी कागद दाखवून तो खोडावा. आम्ही तेही तितक्याच ठळकपणे छापू.

मुदत टळली, तर माहिती अधिकाराचे अर्ज दाखल होतील आणि प्रत्येक कंपनीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत आम्ही भागधारक म्हणून उभे राहू. अध्यक्षांनी उत्तरे तयार ठेवावीत.