मधुमेही मुलांची सुटी

मे महिन्याची सुटी लागली की मुले आजोळी जातात, सहलीला निघतात. पहिल्या प्रकारचा मधुमेह जडलेले, इन्सुलिनवर जगणारे मूल मात्र बहुधा घरीच राहते. साखर उतरली तर काय, सुई कोण टोचणार, या धास्तीने पालक नकार देतात. ही धास्ती निराधार नव्हे. खेळाने रक्तातील साखर उतरते, कधी रात्री झोपेतही. परंतु मुलाला कोंडून ठेवणे हा त्यावरील उपाय नव्हे.

१९२२ साली टोरांटोत इन्सुलिन प्रथम रुग्णाला दिले गेले. अवघ्या तीन वर्षांत, १९२५ साली, डॉ. लेनर्ड वेंट यांनी अमेरिकेतील मिशिगन राज्यात अशा मुलांचे शिबिर भरविले. अशा शिबिरांत डॉक्टर व परिचारिका सोबत असतात, खेळापूर्वी साखर तपासली जाते, आणि सोबत्याचे पाहून मूल स्वतः सुई टोचून घेण्यास शिकते.

गोव्यात दरवर्षी असे शिबिर भरविणे अवघड नाही. बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयाने डॉक्टर द्यावेत, आरोग्य खात्याने खर्च उचलावा. आणि मुलीच्या लग्नाच्या चिंतेने आजार लपविणाऱ्या पालकांनीही तिला निःसंकोच पाठवावे. केवळ इन्सुलिनपायी कोणाही मुलाची सुटी घरात सरू नये, एवढीच आमची अपेक्षा आहे.