पाण्यात खेळण्याचा हक्क कोणाचा?

वैशाखातल्या एखाद्या सुटीच्या पहाटे गुलमंडीवर उभे राहिले, तर दोन दृश्ये एकाच वेळी नजरेस पडू शकतात. दुकानांची शटर अजून खाली असतात. एका बाजूच्या गल्लीत त्या दिवशी नळाला पाणी यायचे असेल, तर ओट्यावर ड्रम, कळशा आणि बादल्या मांडून माणसे जागत बसलेली असतात. दुसऱ्या बाजूला भाड्याची एक गाडी उभी असते. तिच्यात कापडदुकानांतले विक्रेते, गल्ल्यावरचे हिशेबनीस, घरी शिवणकाम करणाऱ्या स्त्रिया आणि एखाद्या भिशीच्या बायका चढत असतात. गाडीत मुले नाहीत. ही प्रौढांची सहल आहे आणि ती निघाली आहे शंभर-सव्वाशे किलोमीटरवरच्या शिर्डीला. साईबाबांचे दर्शन तेथे होईलच. पण खरे आकर्षण आहे ते वॉटर पार्कचे.

ही दोन दृश्ये शेजारीशेजारी ठेवली की निष्कर्ष आपोआपच निघतो, असे पुष्कळांना वाटते. ज्या शहरात पाण्याची वाट पाहण्यात रात्री जातात, त्या शहरातल्या धडधाकट माणसांनी पैसे मोजून पाण्यात लोळायला जावे, याला चंगळवाद म्हणायचे नाही तर काय म्हणायचे? पुरोगामी कार्यकर्त्यांच्या तोंडी तर हा निर्णय फार लवकर येतो. परंतु जो निर्णय इतका लवकर येतो, तो एकदा तपासून पाहिलेला बरा. या सहलीवर वस्तुतः दोन आरोप आहेत. पहिला पाण्याच्या उधळपट्टीचा आणि दुसरा पोरकटपणाचा. दोन्हींचा विचार स्वतंत्रपणे केला पाहिजे.

प्रथम पाण्याचा हिशेब. वॉटर पार्कमधील पाणी रोज नवे भरले जात नाही. ते गाळून, जंतुनाशक मिसळून पुन्हा पुन्हा फिरवले जाते. खरी तूट होते ती बाष्पीभवनाने, उडून सांडणाऱ्या पाण्याने आणि गाळणयंत्रे धुण्याने. समजा, एखाद्या पार्कमधील सर्व तलावांचा मिळून पृष्ठभाग अर्धा हेक्टर आहे आणि मराठवाड्याच्या मे महिन्यात त्यावरून दिवसाला एक सेंटिमीटर पाणी उडून जाते. ही तूट दिवसाला ५० हजार लिटर झाली. नव्वद दिवसांच्या हंगामात ती ४५ लाख लिटर होते. इतर तूट तेवढीच धरली तर एकूण आकडा ९० लाख लिटरवर जातो. आकडा मोठा आहे, यात शंका नाही. परंतु एक हेक्टर उसाला वर्षाकाठी सुमारे दोन ते अडीच कोटी लिटर पाणी लागते. म्हणजे अशा पार्कचा सबंध उन्हाळा साधारणपणे एक एकर उसाच्या पाण्यात भागतो. महाराष्ट्रात लागवडीच्या एकूण क्षेत्रापैकी चार टक्क्यांहूनही कमी क्षेत्रावर ऊस आहे आणि तो सिंचनाचे जवळजवळ ७० टक्के पाणी घेतो, हे केंद्र सरकारच्या कृषी मूल्य आयोगानेच नमूद केलेले आहे. साखर कारखान्याच्या अध्यक्षांपुढे मौन पाळायचे आणि घसरगुंडीवरच्या विक्रेत्याला मात्र पाण्याचे तत्त्वज्ञान ऐकवायचे, ही नीती नव्हे. दुर्बळावर दाखवलेली सोयीची कठोरता आहे.

अर्थात एवढ्याने वॉटर पार्क निर्दोष ठरत नाहीत. राज्याच्या सरासरीने कोणाची तहान भागत नाही. भूजल हे स्थानिक असते. पार्कच्या खोल विंधनविहिरीने शेजारच्या वस्तीतली उथळ विहीर आटली, तर त्या वस्तीला उसाच्या आकडेवारीचा काय उपयोग? टंचाईच्या वर्षी तर प्रश्न अधिकच तीव्र होतो. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने क्रिकेटचे आयपीएल सामने महाराष्ट्राबाहेर हलवण्याचा आदेश दिला आणि औरंगाबाद खंडपीठाने मद्यनिर्मिती कारखान्यांच्या पाण्यात मोठी कपात करायला लावली. १९८७ च्या राष्ट्रीय जलनीतीने पिण्याच्या पाण्याला पहिला अग्रक्रम दिलेला असताना हे काम न्यायालयाला करावे लागले, यातच शासनाचे अपयश आहे. टंचाई जाहीर होताच करमणुकीचे पाणी सर्वांत आधी बंद होईल, प्रत्येक पार्कने आपले पाणी कोठून व किती घेतले याचा हिशेब प्रवेशद्वाराशी लावला पाहिजे, असा नियम असणे अगदी योग्य आहे. मात्र हा नियम मालकावर असावा. वर्षातून एकदा येणाऱ्या पाहुण्याच्या सद्सद्विवेकावर त्याचा भार टाकणे म्हणजे मालकाला मोकळे सोडणे होय.

आता दुसरा आरोप. मुलांनी पाण्यात खेळावे हे ठीक. पण चाळिशी-पन्नाशीच्या माणसांना हे शोभते काय? या प्रश्नामागे एक जुनी समजूत दडलेली आहे. कष्टकऱ्याला विश्रांती हवी ती पुन्हा कामाला जुंपता यावे म्हणून. त्यापलीकडचा आनंद म्हणजे चैन, अशी ती समजूत. मालकवर्गाची समजूत अशी असली तर नवल नाही. पण कामगार चळवळीने ती कधीच मान्य केली नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी आठवड्याच्या सुटीची मागणी लावून धरली आणि १० जून १८९० रोजी रविवारची सुटी मिळाली, ती काही केवळ झोप काढण्यासाठी नव्हती. तो दिवस कामगाराच्या स्वतःच्या मालकीचा होता. त्या दिवशी त्याने काय करावे हे गिरणीमालकाने सांगायचे नव्हते आणि पुढाऱ्यानेही सांगायचे नव्हते. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातील चोविसाव्या कलमाने विश्रांती आणि फुरसत हा प्रत्येकाचा हक्क मानला. भारतीय संविधानाच्या त्रेचाळिसाव्या अनुच्छेदाने तर कामगाराला फुरसतीचा पूर्ण उपभोग आणि सामाजिक व सांस्कृतिक संधी मिळवून देण्याची दिशा राज्यसंस्थेला घालून दिली. फुरसतीचा केवळ अवकाश नव्हे, तर पूर्ण उपभोग, असे तेथे म्हटले आहे. या शब्दांकडे आपल्या चळवळीचे फारसे लक्ष गेलेले नाही.

फ्रान्समध्ये १९३६ साली जनआघाडीचे सरकार आले, तेव्हा समाजवादी पंतप्रधान लेऑन ब्लूम यांच्या कारकिर्दीत कामगारांना वर्षातून पंधरा दिवसांची पगारी रजा कायद्याने मिळाली. फुरसतीचे खाते सांभाळणाऱ्या लेओ लाग्रांज यांनी सवलतीची रेल्वे तिकिटे सुरू केली. त्याच उन्हाळ्यात लाखो कामगार कुटुंबे बाहेर पडली. कित्येक प्रौढ स्त्रीपुरुषांनी आयुष्यात प्रथमच समुद्र पाहिला. त्यांच्या आनंदाला पोरकट म्हणणारे लोक त्या वेळीही होते. आपल्या खासगी किनाऱ्यांवर ही गर्दी कशाला, असे त्यांना वाटत होते.

मराठवाड्याला समुद्र नाही. गुलमंडीच्या दुकानात वीस वर्षे उभ्याने काम केलेल्या पुष्कळ माणसांना लाट अंगावर घेण्याचा अनुभव पहिल्यांदा मिळतो तो वॉटर पार्कमधल्या लाटांच्या तलावात. भोंगा वाजतो, भिंतीमागची यंत्रे सुरू होतात आणि कंबरभर पाण्यात उभी असलेली शे-दोनशे माणसे एकदम ओरडतात. खेड्यातून आलेल्या पुरुषाला आठवण असते ती विहिरीची. पाठीला भोपळा बांधून शिकलेले पोहणे, काठावरून मारलेला मुटका, हे त्याने कधीकाळी अनुभवलेले असते. पण त्याच्या पत्नीला ते बहुधा कधी मिळालेलेच नसते. मुलगी न्हातीधुती झाली की तिचे पाणी घागरीपुरते उरते. पुढची तीस वर्षे ती पाणी भरते, तापवते, वाढते, पुरवून वापरते. पाणी म्हणजे काम, एवढाच तिचा पाण्याशी संबंध. तीच बाई पंचेचाळिसाव्या वर्षी मैत्रिणींचा हात धरून पाण्यात उतरते आणि मोठ्याने हसते, तेव्हा तिच्या हातून कोणते पाप घडते, हे टीकाकारांनी एकदा स्पष्ट सांगावे. त्याच दिवशी पहाटे नळाच्या रांगेत बसून तिनेच घरचे ड्रम भरून ठेवलेले असण्याचीही पुष्कळ शक्यता आहे. गुलमंडीवरची ती दोन दृश्ये दोन वेगवेगळ्या वर्गांची नव्हेत. ती एकाच वर्गाची आहेत.

येथे खरा प्रश्न सुरू होतो. हा हक्क या माणसांना मिळतो कसा आणि किती? दुकानातल्या नोकराचा एक दिवसाचा आनंद त्याच्या दोन-तीन दिवसांच्या मजुरीला पडतो. प्रवेशाचे तिकीट आहेच. नायलॉनचा पोशाख सक्तीचा, म्हणून तोही भाड्याने घ्यायचा. घरची भाकरी-चटणी फाटकाबाहेर ठेवायची आणि आतल्या दराने जेवायचे. १९६९ साली अमेरिकेतील ॲरिझोनाच्या वाळवंटात टेम्पी येथे ‘बिग सर्फ’ नावाचा कृत्रिम समुद्र उघडला, तेव्हापासून या धंद्याचे सूत्र एकच राहिले आहे. जेथे पाणी दुर्मिळ, तेथे लाट विकावी. हवाई बेटांवर लाटांवर स्वार होण्याचा खेळ सरदारही खेळत आणि सामान्यजनही खेळत. समुद्र कोणाकडे तिकीट मागत नव्हता. भांडवलाने समुद्राला भिंत घातली आणि भिंतीला फाटक बसवले.

तरीही एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला, कारण सार्वजनिक म्हणवणारे पाणी सर्व जनांचे नव्हते. आजही कित्येक गावांत विहिरीचा काठ जात विसरलेला नाही. वॉटर पार्कच्या तलावात मात्र शेजारचा माणूस कोण, हे कोणी विचारत नाही. तेथे जात विचारली जात नाही, खिसा विचारला जातो. बाजाराने एक दार उघडले आणि दुसरे लावून घेतले. दोन्ही दारे उघडी ठेवणे ही सार्वजनिक संस्थांची जबाबदारी होती. ती त्यांनी पार पाडली नाही, म्हणून बाजाराला जागा मिळाली.

या शहराला तर सार्वजनिक पाण्याची मोठी परंपरा आहे. सतराव्या शतकाच्या आरंभी मलिक अंबरने भूमिगत नहरींतून, केवळ उताराच्या बळावर, शहराच्या हौदांपर्यंत पाणी आणले. अठराव्या शतकात त्याच विद्येवर पाणचक्की उभी राहिली. तिथल्या हौदाच्या गारव्याला बसण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या लोक गेले. नंतर नहरींची हेळसांड झाली आणि खाम नदी दीर्घकाळ सांडपाण्याचा नाला होऊन राहिली. तिच्या पुनरुज्जीवनाचे काम अलीकडे झाले असले, तरी तिच्यात मुलाने सूर मारावा अशी स्थिती नाही. २०११ च्या जनगणनेत पावणेबारा लाखांच्या घरात गेलेल्या या शहरात सिद्धार्थ उद्यानाजवळील महापालिकेच्या तलावासारखे सार्वजनिक जलतरण तलाव बोटांवर मोजण्याइतके आहेत. पन्नास किलोमीटरवर १९७६ साली पूर्ण झालेला नाथसागर आहे. त्याचे पाणी शहरापर्यंत पुरेसे आणण्यासाठी २०२० च्या डिसेंबरात १६८० कोटींच्या योजनेचे भूमिपूजन झाले. पुढे योजनेचा खर्च वाढत गेला आणि नळाचे दिवस मात्र लांबलेलेच राहिले. २०२२ च्या उन्हाळ्यात पाण्यासाठी शहरात मोर्चा निघाला. या अवस्थेला सहलीला गेलेला माणूस जबाबदार नाही.

आणि पैशापेक्षाही आधी प्रश्न येतो तो दिवसाचा. सहलीला जायला सुटी लागते. २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांना आठवड्याच्या सुटीसह बहुतेक तरतुदींतून वगळले. २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही मर्यादा वीस कामगारांपर्यंत नेण्यास आणि दिवसाचे काम नऊवरून दहा तासांवर नेण्यास मंजुरी दिली. गुलमंडी, औरंगपुरा, मछली खडक या भागांतील किती दुकानांत वीस माणसे कामाला असतील? लोखंडे यांनी मिळवलेला रविवार या गल्ल्यांतून कागदोपत्रीही नाहीसा होत आहे. ही गोष्ट घडत असताना चळवळीचे लक्ष विक्रेत्याने उरलेला एक दिवस कोठे घालवला याकडे असेल, तर चळवळीने आपले काम ओळखलेले नाही असेच म्हणावे लागेल.

तेव्हा कार्यकर्त्यांनी या गाडीकडे पाहून नाक मुरडण्यापेक्षा तिच्यातल्या माणसांशी बोलावे. त्यांना आठवड्याची सुटी मिळते काय, मिळाली तर पगार कापला जातो काय, हे विचारावे. लहान दुकानांनाही पगारी साप्ताहिक सुटी बंधनकारक करा, ही मागणी तेथूनच उभी राहील. प्रत्येक प्रभागात अल्प शुल्काचा, पाणी फिरवून वापरणारा सार्वजनिक तलाव असावा, त्यात स्त्रियांसाठी स्वतंत्र वेळ आणि शिकवायला स्त्री प्रशिक्षक असावी, आणि टंचाईत तोही खासगी पार्कबरोबर बंद व्हावा, ही मागणी त्याच्या जोडीला येईल. नळाचे पाणी आणि खेळण्याचे पाणी यांत निवड करायला लावणारी व्यवस्था दोन्ही पाणी हिरावून घेते. म्हणून दोन्हींची मागणी एकाच मोर्चात असायला हरकत नाही.

रात्री उशिरा ती गाडी गुलमंडीवर परत येते. माणसे उतरतात, ओल्या कपड्यांच्या पिशव्या सांभाळत आपापल्या गल्लीत शिरतात. दुसऱ्या दिवशी सकाळी शटर उघडायचे असते, दहा तास उभे राहायचे असते आणि परवा नळाची पाळी असते. एवढ्या सगळ्याच्या मध्ये त्यांनी एक दिवस स्वतःसाठी काढलेला असतो. तो कमी कसा करता येईल हे सांगणारे पुष्कळ आहेत. तो वाढवण्यासाठी लढणारे हवे आहेत.