घरसंसार : पेटीतले खण

लांबचा प्रवास ठरला, की तिकिटे, फराळाचा डबा आणि पाणी यांची व्यवस्था बहुतेक घरांत वेळेवर होते. पेटी मात्र शेवटच्या रात्री भरली जाते आणि बहुधा एकाच व्यक्तीच्या हातून. कोणाचा सदरा कोठे ठेवला, धाकट्याचा स्वेटर कोणत्या थराखाली गेला, आजोबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या कोणत्या खिशात आहेत, याची सारी नोंद त्या एका डोक्यात असते. साहजिकच प्रवासभर प्रत्येक जण तिलाच विचारीत राहतो. गाडीतील दिवे मालविल्यानंतरही 'आई, माझा टॉवेल कुठे?' हा प्रश्न थांबत नाही. एका टॉवेलासाठी तळापर्यंत उपसलेली पेटी मग पुन्हा पहिल्यासारखी लागत नाही.

या अडचणीवर एक साधे साधन आता बाजारात सहज मिळते. दुकानदार त्याला 'पॅकिंग क्यूब' म्हणतात. हलक्या कापडाची चौकोनी पिशवी, तिला चेन आणि वरच्या अंगास जाळी, एवढेच तिचे स्वरूप. लहानमोठ्या आकारांच्या अशा काही पिशव्यांचा एक संच असतो. कपडे थेट पेटीत न ठेवता या पिशव्यांत ठेवावयाचे आणि पिशव्या पेटीत रचावयाच्या.

नाव नवे असले, तरी कल्पना आपल्या घरात जुनीच आहे. मिसळणाच्या डब्यात मोहरी, जिरे, हळद यांच्या वाट्या वेगळ्या असतात, म्हणून फोडणीच्या घाईत हात अचूक पडतो. पानाच्या चंचीत सुपारी आणि कात यांचे कप्पे निराळे असत. रेल्वेप्रवासात एके काळी अपरिहार्य असलेल्या होल्डॉललाही दोन्ही टोकांना खण असत. उशी, चादर, कपडे त्यांत जात. पुढे सुटकेस आली. चाकांच्या सुटकेसचे एकस्व अमेरिकेत बर्नार्ड सॅडो यांना 1972 साली मिळाले आणि कालांतराने सामान उचलण्याचे कष्ट सर्वत्र कमी झाले. पण पेटीला बाहेरून चाके लागली तरी तिच्या पोटातील पसारा होता तसाच राहिला.

या पिशव्यांनी जागा पुष्कळ वाचते, असा समज आहे. तो अर्धाच खरा आहे. घड्या घट्ट बसल्याने थोडी जागा निघते हे खरे. परंतु वजन तिळभरही घटत नाही. उलट, मोकळी जागा दिसली की आणखी चार कपडे आत जातात. भारतातील बहुतेक विमान कंपन्या देशांतर्गत प्रवासात साध्या वर्गाला सोबतच्या पेटीसाठी 7 किलो आणि विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानासाठी 15 किलोंची मर्यादा ठेवतात. रेल्वे अधिक उदार आहे. शयनयान व वातानुकूलित तृतीय वर्गात 40 किलो आणि द्वितीय वर्गात 35 किलो सामान विनामूल्य नेता येते. म्हणून पेटी भरल्यावर ती काट्यावर ठेवावी. पिशव्यांच्या नीटनेटकेपणावर विसंबू नये.

या पिशव्यांचा खरा लाभ वाटणीत आहे. कोणती पिशवी कशासाठी, हे आधी ठरविले नाही, तर एका मोठ्या पसाऱ्याचे पाच लहान पसारे होतात. वाटणी तीन प्रकारे करता येते : माणसांप्रमाणे, मुक्कामांप्रमाणे किंवा कपड्यांच्या प्रकारांप्रमाणे. एकट्या प्रवाशास शेवटची पद्धत पुरते. कुटुंबास मात्र ती गैरसोयीची. साऱ्यांचे सदरे एका पिशवीत आणि साऱ्यांचे मोजे दुसरीत गेले, तर एकाच्या स्नानासाठी सर्व पिशव्या उघडाव्या लागतात.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्या वाचकांच्या परिचयाचेच एक उदाहरण घेऊ. भोपाळचे एक कुटुंब मे महिन्यात नाशिकला दोन दिवस थांबून पुढे रत्नागिरीस लग्नाला जाणार आहे. आईवडील, दहा वर्षांची मुलगी आणि आजोबा अशी चार माणसे. प्रत्येकाच्या नावाची एक पिशवी करावी आणि तिचा रंग वेगळा असावा. म्हणजे अक्षरओळख नसलेले मूलही आपली पिशवी ओळखते. लग्नाचे कपडे पाचव्या पिशवीत घालून ती तळाशी ठेवावी, कारण रत्नागिरीपर्यंत तिला हात लावावयाचा नाही. रात्रीच्या गाडीसाठी टॉवेल, एकेक कपडा, दात घासण्याचे साहित्य आणि पातळ चादर यांची सहावी पिशवी सर्वांत वर. कोकणातील दमट हवेत कपडे लवकर वाळत नाहीत. म्हणून ओल्या कपड्यांसाठी प्लॅस्टिकची एक पिशवी निराळी असावी. मळके कपडे परतीच्या वाटेवर लग्नाच्या पिशवीच्या जागी जातील, कारण ठेवणीचे कपडे तोवर घडी करून वर आलेले असतात.

काही वस्तू या पिशव्यांत दाबून भरू नयेत. जरीची साडी मलमलीत गुंडाळून सैल ठेवावी. घडीवर दाब पडला की जर त्या रेषेवर तुटते. औषधे मोठ्या पेटीत मुळीच ठेवू नयेत. ती, डॉक्टरांची चिठ्ठी आणि चष्मा यांची लहान पिशवी हातातील सामानात असावी. इन्सुलिन विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानात देऊ नये. तेथील थंडीत ते गोठून निकामी होऊ शकते. मोबाइलची पॉवर बँकही नियमानुसार सोबतच न्यावी लागते.

तयार संच विकत घेतलाच पाहिजे असे नाही. 32 सें.मी. लांब, 24 सें.मी. रुंद आणि 8 सें.मी. जाड पिशवीसाठी 42 × 34 सें.मी.चे दोन तुकडे कापावेत. चारी कडांना शिवणीचा 1 सें.मी. यांत धरलेला आहे. एक तुकडा जुन्या सुती चादरीचा आणि दुसरा जुन्या मच्छरदाणीचा, परंतु दुहेरी घ्यावा. जाळीतून आतील कपडे ओळखता येतात. दोन्ही तुकड्यांच्या एकेका लांब कडेस प्लॅस्टिकच्या दातांची चेन जोडावी. ती अर्धी उघडी ठेवून उरलेल्या तीन बाजू उलट्या अंगाने शिवाव्यात. नंतर प्रत्येक कोपऱ्यात शिवणीवर शिवण, आणि वरच्या दोन कोपऱ्यांत चेनवर शिवण आणून त्रिकोण करावा व त्याची रुंदी जेथे 8 सें.मी. भरते तेथे आडवी टीप घालावी. पिशवी सुलट केली की चौकोनी आकार येतो. कपड्यांच्या गुंडाळ्या करून त्या चेनच्या बाजूने उभ्या लावल्या, म्हणजे सर्व एका दृष्टीत दिसतात. कापण्यापूर्वी आपल्या पेटीची आतील लांबीरुंदी मात्र अवश्य मोजावी.

या व्यवस्थेची खरी परीक्षा मुक्कामी होते. मुंबईतील एका खोलीच्या घरी पाहुणे उतरले आणि पेटी उघडून पसरली, की यजमानांची चालण्याची वाट अडते. पिशव्या असल्या, तर आपापली पिशवी घेऊन पेटी पलंगाखाली सरकविता येते. मुलांनाही आपले सामान आपणच लावण्याची सवय लागते. आजोबांना सदऱ्यासाठी कोणापुढे शब्द टाकावा लागत नाही. वृद्धांना या गोष्टीचे किती समाधान असते, हे घरातील तरुणांच्या सहसा लक्षात येत नाही.

याहूनही महत्त्वाची बाब पुढे आहे. पेटी भरणारी व्यक्तीच प्रवासात आजारी पडली, तर काय? ताप चढलेल्या आईला उठवून 'गोळ्या कोठे ठेवल्यास?' असे विचारण्याची पाळी कोणावर येऊ नये. यासाठी निघण्याच्या आदल्या संध्याकाळी एक लहानसा प्रयोग करून पाहावा. पेटी भरून झाली, की घरातील दुसऱ्या कोणास तरी औषधांची पिशवी, एक टॉवेल आणि आजोबांचा सदरा काढावयास सांगावे. भरणाऱ्या व्यक्तीने तोवर जवळ बसावे, पण बोलू नये. तिन्ही वस्तू न विचारता आणि काही न उपसता हाती आल्या, तर पेटी नीट भरली आहे असे खुशाल समजावे. न आल्यास वाटणी बदलावी; त्यासाठी एक अख्खी रात्र हाताशी असते.